बाहेरचा रूळ

गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवायचं, उकिडवं बसून गाल रुळाजवळ न्यायचा, एक डोळा मिटून लांबवर बघायचं आणि म्हणायचं, "गाडी पळत न्हाई सर, रूळ तिला पळू देतोय." सकाळच्या पॅसेंजरची वाट बघताना तुम्ही हे पाहिलं असतं, तर माझ्यासारखेच हसला असता.

हे आमचे मामा, पेडगावचे. आमच्या भागातले कीमन, म्हणजे रोज हातोडा-पाना घेऊन रुळांवरून चालायचं आणि जे ढिलं दिसेल ते घट्ट करायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता.

एकदा मी त्यांना मोबाइलवर बुलेट ट्रेन दाखवली. तिचं लांब नाक हवा कसं कापतं, ते समजावू लागलो.

"नाक राहू द्या. वळण दाखवा."

वळण आलं आणि गेलं, मला कळलंही नाही.

"बघा, केवढं ऐसपैस ठेवलंय! वळणावर गाडी बाहेर फेकली जाती, म्हणून बाहेरचा रूळ उचलून ठेवायचा. चाल वाढली की उचल वाढवायची. मोटारसायकल वळवताना तुमी आत झुकता की न्हाई? गाडीला कोण झुकवणार? आमीच."

नाकाचा धडा मी गुंडाळला.

पुढे आमच्या मार्गावरही वेग वाढवायचं ठरलं. फलाट संपतो तिथूनच सुरू होणारं वळण काळ्या रानातून जातं. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. बाहेरचा रूळ खचायलाय, असं त्यांनी वर दोनदा कळवलं. "बघू" एवढंच उत्तर आलं.

चाचणीच्या गाडीच्या दिवशी त्यांनी वळणाअलीकडे लाल झेंडी रोवली. गाडी थांबली. साहेब उतरले, मोजणी झाली. आम्ही सगळे फलाटावरून ऐकत होतो.

"मर्यादेत आहे!" साहेब ओरडले.

"जुन्या चालीच्या मर्यादेत हाय साहेब. नव्या चालीला कमी पडायलंय."

"झेंडी काढ."

"इथं हळू नेतो म्हणून लिहून द्या, काढतो."

निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस! झेंडी गैरसमजातून लावली असं लिहून दे, नाहीतर लांब बदली, असं त्यांना सर्वांसमोर सुनावलं गेलं. मीच फलाटावरून उतरून त्यांच्या कानाशी लागलो, "मामा, लिहून टाका की." त्याची मला अजून लाज वाटते.

"सर, मी लिहिलं की गाडी जोरात जाईल. उद्या तिच्यात तुमच्या शाळंतली लेकरं आसतील, आन् लिहिलेलं माझ्या हातचं आसंल."

त्यांनी लिहिलं नाही. शेवटी साहेबांना लिहून द्यावं लागलं आणि गाडी वळणावरून हळू गेली. आठवड्याभरात मामांची बदली झाली. ते पुन्हा दिसले नाहीत.

वळणाअलीकडे आता वेगमर्यादेचा पिवळा बोर्ड आहे. गाडी मंदावली की डब्यात कुरकुर सुरू होते. बोर्डावर आकडा तेवढा आहे. मामांचं नाव मी सांगतो, रोज, उभा राहून, डबाभर ऐकू जाईल असं.