दुसरी मूठ

माझी बायको मार्था गेली त्याला सहा आठवडे झाले. त्या सकाळी मीच चुलीपुढं होतो. मी जात्यावर बसायच्या आधी तिनं अंथरुणातून विचारलं, "मूठ टाकली का?" टाकली म्हणालो. "दोन्ही?" व्हय म्हणालो… एकच टाकली होती. दुपारी ती गेली, माझं खोटं खरं मानून.

मास्तर म्हणाले, तिच्याबद्दल मंडळीच्या मासिक पत्रात चार ओळी लिही. अक्षर तिनंच शिकवलेलं, तेव्हा चुकेल तिथं तिला बोल लावा. आमच्या ख्रिस्ती बायकांची रीत आहे, दळायच्या आधी मूठभर ज्वारी घरात देवळासाठी ठेवलेल्या गाडग्यात टाकायची. मार्थानं शेजारी दुसरं गाडगं मांडलं होतं. ते माझा थोरला भाऊ धोंडिबा याच्या नावाचं.

आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा धोंडिबानं जातीची जमात बसवून आमच्याशी रोटीव्यवहार तोडला. ते मी सोसलं. पण त्याच वर्षी आमची चार वर्षांची सारा तापानं गेली आणि हा मसणवटीच्या वाटेवर काठी घेऊन उभा राहिला. "बाटग्याचं लेकरू आमच्या मातीत न्हाई बे." एवढंच बोलला. ह्यानंच तिला खांद्यावर बसवून युसूफ वडगावचा बाजार दाखवला होता. मोगलाईत आमच्यासारख्यांची दाद कोण घेणार? मी लेकराला ओढ्याकाठी पुरलं. दोन पावसाळ्यांत ओढ्यानं ती जागाही नेली.

त्यानंतर मार्थानं दुसरं गाडगं मांडलं. कशापायी, म्हणून मी भांडलो. ती म्हणाली, "अवो, येशू म्हनतो वैऱ्यावर माया करा. माया तर मला येत न्हाई. मूठ टाकता येती."

दर महिन्याला ती गाडगं त्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवून यायची. पहिली दोन वर्षं त्यानं ती ज्वारी कोंबड्यांना टाकली. बरं झालं, कोंबड्या तरी जेवल्या, म्हणायची. मग दुष्काळ आला. तेव्हा गुमान घरात नेली. रिकामं गाडगं आमच्या दारात आणून ठेवायचा, पण शब्द नाही. पुढं दिवस सुधारले तरी हिची मूठ थांबली नाही. पाळकसाहेब सांगतात, प्रीतीनं वैऱ्याचं मन पालटतं. ह्याचं इतक्या वर्षांत पालटलेलं मी काही पाहिलं नाही. जे घडलं ते लिहितो.

एकदा चिडून मी ते गाडगं दळणात ओतलं. तिनं गाडगं पुन्हा भरेपर्यंत रोज अर्धी भाकर कमी खाल्ली, माझी नव्हे, स्वतःची. अशा बाईशी भांडायचं तरी कसं…

तिच्या मातीला धोंडिबा आला नाही. पंधरा दिवसांमागं मात्र काठी टेकत आला. डोळे गेलेत त्याचे. उंबऱ्याबाहेरच बसला.

"धाकली भावजय गेली म्हनं."

गेली, म्हणालो.

"ह्या महिन्याला गाडगं आलं न्हाई."

मी विचारलं, उपाशी हायस का?

"न्हाई बे. पोरं घालत्यात खायाला. आलं न्हाई, म्हनून इचारलं."

लई वेळ बसला. साराचं नाव घेईल म्हणून मी वाट पाहिली. एवढं एक नाव घेतलं असतं तर… नाही घेतलं. गाडगं माझ्या पाठीमागंच होतं, भरत आलेलं. जा आता, म्हणालो. गेला.

होय, भरत आलेलं. तिच्या मातीच्या दुसऱ्या दिवसापासून मी दोन मुठी टाकतो. माया बिया काही नाही, कुणी तसं समजू नये. मरत्या बाईशी खोटं बोललो, ते टोचतं. आता गाडगं तोंडापर्यंत आलंय. काल मूठ टाकली तर ज्वारी खाली सांडली. गुडघे टेकून एकेक दाणा वेचला आणि वर रचला. मग उचलून दारापर्यंत नेलं, माघारी आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. माझ्यानं उंबरा ओलांडवत नाही.

पण मार्था, आज दोन्ही टाकल्यात.