दुपट्ट्याखालचा हात

सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झालो तेव्हा भीतीने माझी वाचाच बसली होती. हृदयाची एक झडप खराब झाली होती, छाती उघडावी लागणार होती. बैलबाजारात माझ्या आवाजाला माणसं वचकतात. कुणाच्या आधाराशिवाय मी तिथे धंदा उभा केला. आणि इथे नर्सने अंगठी काढायला सांगितली, तर ती मला काढताच येईना, शेवटी बायकोने ओढून काढली.

आदल्या दिवशी आमच्या चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले. जाताना म्हणाले, विश्वास पक्का असला की भीती शिवत नाही. मला राग आला.

"पास्टरजी, छाती तुमची कापून नाई राह्यले," मी म्हणालो.

बायकोने मान खाली घातली. ते गेले, पण प्रश्न खाटेपाशीच राहिला. मी इतका भितो, म्हणजे माझा विश्वास खोटा का?

मग मला जे येतं तेच केलं. देवाशी सौदा मांडला. वाचवलंस तर रविवारी बाजाराला जाणार नाही. तिकडून उत्तर नाही. बोली वाढवली, तोंडातल्या शिव्याही सोडीन म्हटलं. तरी गप्प. बाजारात गिऱ्हाईक असं गप्प राहिलं की समजायचं, याला माल नकोच आहे. म्हणजे देवाला मीच नको होतो.

मोठ्या भावावरचा राग सोडीन, असं मात्र मी एकदाही म्हणालो नाही. मी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालो म्हणून आईच्या तिरडीला त्याने मला खांदा देऊ दिला नव्हता. गावासमोर बाजूला सारलं होतं. तोही बैलांचाच व्यापारी. त्यानंतर एकाच बाजारात आम्ही दोन टोकांना उभे राहायचो.

सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं, आणि मोठा भाऊ गावाहून, अल्लीपूरहून येऊन समोर उभा.

"काऊन बे, भेव वाटून राह्यलं का?"

"हो." भीती वाटते हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याने खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि खालून हात घातला. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. बघ्यांना कळू नये म्हणून कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं, तितका भाव. सवयीने माझी बोटं ताठ झाली. आता हा काय मागणार? माफी? पुन्हा जुन्या धर्मात ये म्हणेल? कोणतं बोट धरतो याची मी वाट पाहत राहिलो. त्याने बोट धरलंच नाही. अख्खा पंजा मुठीत घेतला.

"काय पायजे ते बोल, दादा."

"काई नाई मागत. वापस येजो."

स्ट्रेचर ढकलत नेलं. वरचे दिवे एकेक मागे सरकत होते आणि भीती तसूभरही कमी झाली नव्हती. पण तिच्याच आत काहीतरी उमललं. त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही. देवही भावासारखाच बोली लावत नव्हता, कारण त्याने माझा हात आधीच धरला होता. मी सौदा सोडून दिला. "येशू, मले भेव वाटते," एवढंच म्हणालो. पुढचं आठवत नाही.

मी परत आलो. आईला खांदा देता आला नाही, ही गोष्ट अजून सलते. भाऊ त्यावर बोलत नाही आणि माझा स्वभावही बदललेला नाही. तपासणीला जायचं असलं की तीच भीती परत येते. तेव्हा मी हातावर दुपट्टा टाकून थोडा वेळ बसतो. काही मागत नाही.