बेडकाची शपथ

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी चौथीतच शाळा सोडून नांगर धरला होता. धाकटा भाऊ मात्र अकोल्याला इंटर सायन्सला. इंटरच्या मार्कांवर डॉक्टरीच्या कॉलेजात घेत, अन् त्यात बेडूक चिरून आतलं सारं दाखवायची परीक्षा असे. याचा हात थरथरे. उन्हाळ्याच्या सुटीत अकोला जिल्ह्यातल्याच मालेगावजवळ आमच्या गावी आला, तेव्हा म्हणाला, "दादा, मले बेडकं पाह्यजे. हात बसवाचा हाये."

मी विहिरीत उतरून बेडूक धरून आणले. गोठ्यात फळीवर तो बाभळीच्या काट्यांनी त्यांचे पाय टोचून ठेवी अन् न्हाव्याकडून मागून आणलेल्या वस्तऱ्यानं चिरी. हळूहळू हात बसला. एकदा त्यानं मला एवढंसं काळीज दाखवलं, अजून हलणारं. मला तर तो तेव्हाच डॉक्टर वाटला.

त्या साली मृग कोरडा गेला. मुसळाला बेडूक बांधून, घरोघर धोंडी मागून पाऊस बोलवायची आमच्याकडे रीत. पोरं बेडूक हुडकत आमच्या गोठ्यात आली अन् ती फळी दिसली.

सांजेला मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाटील म्हणाले, "काहून रे बेडकाच्या डाक्टरा, पानी बोलावनाऱ्यालेच फाडून राह्यला?"

"म्या धरून आनले," मी म्हटलं. "मले बोला."

"तू गप बस बे! तुले का समजते?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. धाकट्याच्या हातात बेलभंडारा दिला. पुन्हा बेडकावर पातं चालवणार नाही, अशी शपथ त्यानं घेतली.

घरी येताना मी म्हटलं, "अकोल्यात कोन पाहाते? चीर बिनधास्त."

"बेलभंडारा उचलला ना, दादा."

आठवडाभरात पाणी आलं. गाव म्हणालं, पाहा, शपथ पावली. अरे, दरसाल येतंच की लेकहो!

पुढच्या परीक्षेत बेडूक समोर आला. हा हात बांधून उभा. मास्तर म्हणाले, "सुरू कर." नाही केलं. नापास झाला. वडिलांनी पुन्हा कॉलेजात धाडलं नाही. जन्म कापसातली सरकी काढायच्या जिनात कारकुनी करण्यात गेला.

परवा पाटलाचा नातू अर्ज घेऊन आला. "आबा, सही करा. गावाले डाक्टर पाह्यजे."

"होता ना गावाले डाक्टर. तुह्या आज्यानंच घरी बसवला."

मला सही येते. केली नाही.