तीन ठिपक्यांचे इंजिन

निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या आणि दरोड्यांच्या गोष्टी विचारतात. त्या सांगायचा मला कंटाळा येतो. माझ्या मनातून अजून जात नाही ती एक बंद पडलेली अँबॅसेडर. त्या प्रकरणात रक्त सांडले नाही की पेपरात दोन ओळी छापून आल्या नाहीत. पण मी एका सज्जन माणसाला जवळजवळ गुन्हेगार ठरवून बसलो होतो, आणि त्यातून मला वाचवले ते त्याच माणसाने.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी धुळे शहरात फौजदार होतो. अंगावर नवी वर्दी असली की आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो असे वाटते, तसे मलाही वाटे. एका सकाळी हजेरी आटोपून मी डायरी चाळत होतो, तेवढ्यात आवारात एक ट्रक शिरला. त्याच्यामागे दोरखंडाने बांधलेली पांढरी अँबॅसेडर होती. ट्रकमधून बोदवडजवळच्या खेड्यातले एक वयस्कर शेतकरी उतरले. सोबतचे लोक त्यांना आबा म्हणत होते.

आबांच्या पत्नीच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. जळगावला दवाखान्यात वरचेवर न्यावे लागे आणि एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते. म्हणून आबांनी धुळ्यातल्या एका दलालाकडून ही जुनी गाडी घेतली. पाचव्याच दिवशी नशिराबादच्या पुढे इंजिनातून ठोके यायला लागले, मग धूर निघाला आणि मोठा आवाज होऊन गाडी जागीच थांबली. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. पत्नीला अनोळखी माणसांनी उचलून एका टेम्पोत आडवे केले आणि दवाखान्यात पोचवले.

पण त्यांचा राग दलालापेक्षा एका मिस्तरीवर जास्त होता.

"साहेब, मले काय कयतं इंजिनातलं? त्या मिस्तरीनं कान लावला अन् मले सांगलं, आबा, डोये मिटून घ्या. म्हणून मी घेतली."

हा मिस्तरी धुळ्यात सर्वांच्या माहितीचा होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक चालू इंजिनावर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे, ही त्याची पद्धत. त्याने मान डोलावल्याशिवाय धुळ्यातला जाणता माणूस जुनी गाडी घेत नसे. त्याचे सारे पोट त्या शब्दावर चालत होते.

दलालाला बोलावले. पांढरे कपडे, गोड बोलणे, कागदपत्रे नीट फाईलला लावलेली. तो म्हणाला, "साहेब, त्यांनी त्यांचा माणूस आणून तपासून घेतली. आर.सी. बुकातला नंबर इंजिनावर आहे का बघा. माझं काही चुकलं असेल तर सांगा." मी पाहिले. त्या इंजिनाचा नंबर एका लहान धातूच्या पट्टीवर होता आणि पट्टी रिव्हेट ठोकून बसवलेली. नंबर आकड्याला आकडा जुळला.

दुपारी एका खबऱ्याने येऊन कानाशी लागून सांगितले की, मिस्तरी आणि दलाल यांचे आतून साटेलोटे आहे. झाले! नंबर जुळतो म्हणजे इंजिन तेच. इंजिन तेच म्हणजे मिस्तरीने खराब इंजिनाला चांगले म्हटले. गणित सुटले म्हणून मी खूश झालो. ही खबर नेमकी आजच का आली आणि तिचा फायदा कोणाला, एवढा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

दोन शिपाई पाठवून मिस्तरीला आणले. बाजाराची वेळ होती. शिपायांनी त्यांना दोन्ही बाजूंनी दंडाला धरून, भर गल्लीतून चालवत आणले. तसा हुकूम मी दिला नव्हता, पण तसे करू नका असेही सांगितले नव्हते.

वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते. तरी मी त्यांना अरे-तुरे केले.

"किती दिले दलालानं तुला?"

"काहीच नही साहेब. मी जे इंजिन ऐकं, ते चांगलं होतं."

"तेच इंजिन बाहेर फुटून पडलंय."

"मंग ते इंजिन हाई नही साहेब. मी ऐकेल इंजिनमा पानीना पाइपजोडे एक बोल्ट पितळना होता. बाकी बठ्ठा लोखंडना."

"बोल्ट काय, कोणीही बदलतो," असे म्हणून मी ते झटकून टाकले. सायंकाळपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले. त्यांचे उत्तर काही बदलले नाही. खोटे बोलणारा माणूस दर फेरीला उत्तरात काहीतरी नवे घालतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलेले होते. पण शिकवलेले ऐनवेळी आठवले पाहिजे ना.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. नोकरीची दोन-तीन वर्षे उरलेली, अक्षर मोत्यासारखे. मी जी गोष्ट झटकली होती, ती त्यांनी जबाबात शब्दशः उतरवून घेतली होती. मिस्तरींना घरी जाऊ दिल्यावर हवालदारांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "साहेब, मिस्तरींनी तपासल्यावर गाडी आबांच्या ताब्यात कधी आली?"

आबांना विचारले. गुरुवारी तपासली, सोमवारी ताब्यात मिळाली. सीट कव्हर बदलून देतो, कागद नावावर करून देतो, असे सांगून दलालाने चार दिवस गाडी आपल्या आवारात ठेवून घेतली होती. हा प्रश्न मी सकाळीच विचारायला हवा होता. मला स्वतःची लाज वाटली, पण ती कबूल करण्याइतका मोठेपणा तेव्हा अंगात नव्हता. मी एवढेच म्हणालो, "उद्या इंजिन उघडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच बोलावले. मिस्तरींना पुन्हा बोलावले आणि दलालालाही समोर उभे केले. पाण्याच्या पाइपजवळ पितळी बोल्ट नव्हता. दलाल हसला. इंजिन उघडायला शासनाच्या कार्यशाळेतला एक फिटर आला होता. तो एकेक भाग काढून गोणपाटावर मांडत होता. सगळे काळ्या ऑइलने माखलेले. ऑइल भलतेच जाड होते. झिजलेल्या इंजिनाचा आवाज दाबायला असे ऑइल भरतात, हे फिटरने सांगितले तेव्हा मला प्रथम कळले.

मिस्तरी उकिडवे बसून पाहत होते. एकाएकी त्यांनी कनेक्टिंग रॉडची एक टोपी, म्हणजे रॉडच्या टोकाला बोल्टने बसणारा अर्धगोल तुकडा, उचलली, धोतराच्या टोकाने पुसली आणि तिच्याकडे एकटक पाहत राहिले. चेहरा उतरला. तो भाग त्यांनी खाली ठेवला असता तर कोणालाही काही कळले नसते. फिटरला नाही, मला तर नाहीच.

"साहेब," ते म्हणाले, "हाई काम मनंच शे."

त्यांनी टोपीच्या कडेवर लोखंडी टोच्याने मारलेले तीन बारीक ठिपके दाखवले. इंजिन उघडताना कोणती टोपी कुठल्या रॉडची हे विसरू नये म्हणून मिस्तरी लोक अशा खुणा करतात. यांचे ठिपके तिरक्या ओळीत असत. साऱ्या धुळ्यात तसे फक्त हेच मारत.

दलाल लगेच ओरडला, "बघा साहेब! यानंच इंजिन फिरवलं!"

खरे सांगतो, क्षणभर मलाही तसेच वाटले. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातची खूण सापडली, आणि तीही त्यानेच दाखवलेली. मी विचारले, "हे तुम्ही का सांगितलं? गप्प बसला असता तर?" बोलताना माझ्या तोंडून 'तुम्ही' कधी आले, ते मला कळलेच नाही.

त्यांनी मान वर केली. "आपला हातनं काम आपीनच नही वळखं, ते मंग कोन वळखी?"

मग ते सावकाश आठवून सांगू लागले. हे इंजिन त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी दोंडाईच्याच्या एका टॅक्सीवाल्यासाठी खोलून पुन्हा बांधले होते. टॅक्सी अँबॅसेडरच. इंजिन शेवटच्या घटका मोजते आहे, असेही त्यांनी तेव्हाच त्याला बजावले होते. दलालाचे हसू मावळले. हवालदारांनी ते माझ्याआधी टिपले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आम्ही जीप काढून तडक दोंडाईचा गाठले. टॅक्सी रेल्वे स्टेशनबाहेरच उभी होती. बॉनेट उचलले. पाण्याच्या पाइपजवळ पितळी बोल्ट चमकत होता, आणि नंबरच्या पट्टीवरचे रिव्हेट कोरे करकरीत होते. आबांच्या गाडीच्या पट्टीवरचा मळ रॉकेलने पुसला, तर तिथेही तसेच. म्हणजे इंजिनांची अदलाबदल झाली होती आणि नंबरच्या पट्ट्या मात्र उखडून पुन्हा आपापल्या गाडीतच ठोकल्या होत्या. टॅक्सीवाल्याने सांगून टाकले की, दलालाने त्याला 'चांगले इंजिन आले आहे' म्हणून बदलून दिले होते.

दलालाने सायंकाळी सगळे कबूल केले, मला खबर पाठवण्यामागे तोच होता हेसुद्धा. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याच्या आवारातून रिव्हेट आणि हत्यारे पंचनामा करून जप्त केली. फसवणुकीचा गुन्हा शाबीत झाला. चांगले इंजिन कोर्टाच्या हुकमाने आबांना परत मिळाले.

पण मला सांगायचे आहे ते त्या सायंकाळचे नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसाचे. मिस्तरी अखेरच्या जबाबावर सही करायला आले होते. मी म्हणालो, "तुम्हाला जीपने घरी सोडतो."

त्यांनी मान हलवली. "जीप नको साहेब. जठेन माले पायी आनं, तठलोंग पायीच सोडी द्या."

मी टोपी डोक्यावर ठेवली आणि त्यांच्यासोबत निघालो. तीच गल्ली, तीच बाजाराची वेळ. कापडाच्या दुकानातले मारवाडी शेठ गादीवरून उठून बाहेर आले. पानवाल्याचा हात थांबला. मिस्तरी सरळ पुढे पाहत चालत होते आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला अर्धे पाऊल मागे. त्यांच्या गॅरेजपाशी माणसे जमली. आबा तिथे आधीच येऊन उभे होते. मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मिस्तरींचा यात काडीचाही दोष नाही. चूक माझी झाली." आबांनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि वर्दीत असूनही मी ते पुसले.

त्यानंतर मी पुष्कळ तपास केले. चांगले काही झाले असेल तर ते त्या दोन दिवसांच्या पुण्याईने. वस्तू कोणाच्या हातात किती वेळ होती, हे आधी विचारायचे. खबर आली की तिचा फायदा कोणाला, हे पाहायचे. आणि दंडाला धरून कोणालाही रस्त्याने आणायचे नाही. मिस्तरींनी ते तीन ठिपके लपवले असते, तर मी त्यांना आरोपी करून मोकळा झालो असतो आणि आयुष्यभर आपण बरोबर होतो असेच समजत राहिलो असतो. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत, हे मी आज लेखी देतो.

नव्वदच्या दशकात माझी बदली जळगावला झाली. मी एक जुनी फियाट घ्यायचे ठरवले आणि अर्थातच ती धुळ्याला त्यांच्याकडे आणून उभी केली. विकणाराही सोबत होता. मिस्तरी थकले होते, पण स्क्रू-ड्रायव्हर तोच होता. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ ऐकले.

"चांगली शे."

मी खूश होऊन म्हणालो, "मग पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातो."

त्यांनी विकणाऱ्याकडून किल्ली मागून घेतली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"नही साहेब. मी चांगली सांगी ना, ते आत्तेच लई जा. मना देखत."

मी गाडी चालू केली. गल्लीच्या वळणावर आरशात पाहिले, तर ते अजून रस्त्यात उभे राहून ऐकत होते.