वहिनींची शिल्लक

संस्था काढली दिरानं आणि ती चालवणं पडलं वहिनींच्या गळ्यात. भाऊजींचं काय, भाषण ठोकायला सांगा, देणगीदाराच्या डोळ्यांत पाणी आणतील. पण डिझेलची पावती कुठे ठेवलीत विचारा, की लागले खिसे चाचपायला! अपंग माणसांचं हे दिवसभराचं केंद्र, त्यांना घरून आणणारी गाडी, व्यायाम करून घेणाऱ्या बाई, सगळं एका ट्रस्टच्या अनुदानावर चालायचं. ते मागायचं, पुरवायचं, त्याचा हिशेब द्यायचा, हे काम वहिनींचं. ड्रायव्हरपासून सगळे त्यांना वहिनीच म्हणत. माघारी ‘चिंगूस वहिनी’ म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं.

चिंगूस काय त्या हौसेनं झाल्या? आधीच्या देणगीदाराचा हप्ता एकदा असा रखडला की केंद्राला कुलूप लागलं. माणसं घरोघरी खाटेवर पडून राहिली. त्यात एकाच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि तो गेला. वहिनींनी तेव्हाच कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून केंद्र बंद पडू द्यायचं नाही.

त्यामुळे नव्या ट्रस्टचे पैसे आले तशी यांची काटछाट सुरू झाली. चहा पाणचट झाला. पंखे दुपारनंतरच लागायला लागले. आणि रोज येणाऱ्या व्यायामाच्या बाई आठवड्यातून एकदाच येऊ लागल्या.

त्याचा फटका बसला मावशींना. मावशी जन्मभर शिवणकाम केलेल्या. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी मूठ मिटली ती मिटलीच. व्यायामानं बोटं जरा सुटायला लागली होती. म्हणून तर त्यांनी आपली कापडाची कात्री केंद्राच्या कपाटात आणून ठेवली होती. हात सुटला की पहिलं कापड इथेच बेतणार, असा हट्ट! एकदा ड्रायव्हरनं त्या कात्रीनं कागद कापला, तर मावशींनी त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली.

“कापडाच्या कात्रीला दुसरं काही लावायचं नाही, मुडद्या! धार मरते तिची!”

व्यायाम कमी झाल्यावर मावशींनी एकदाच विचारलं, “वहिनी, बाई रोज का हो येत नाहीत?”

“थोडी कळ काढा, मावशी. गाठीला शिल्लक पडली की पुढचा हप्ता रखडला तरी रोज बोलवू त्यांना. मग खंड नाही पडायचा.”

“तुम्ही म्हणताय तर काढते.”

वर्ष संपलं. वहिनींनी हिशेब पाठवला, आणि खोटं कशाला सांगा, शिल्लक बघून त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. मग ट्रस्टच्या साहेबांचा फोन आला.

“हिशेब एकदम चोख आहे हं तुमचा. आता उरलेली रक्कम तेवढी परत पाठवा.”

“परत? अहो, ती पुढच्या अडचणीसाठी ठेवलीय!”

“न खर्चलेले पैसे परत करायचे असतात, मॅडम. अटींत लिहिलंय. आणि एवढ्यात तुमचं भागतंय म्हटल्यावर यंदाची मंजुरीही तेवढ्याचीच झालीय.”

“भागत नव्हतं हो! मी भागवलं!”

“मग तसं आधी कळवायचं ना,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

अट वहिनींनी वाचली होती. पण ती त्यांना काम न करता पैसे दाबून बसणाऱ्यांसाठी वाटली होती. पोटाला चिमटा काढून वाचवलेलं कोणी परत मागतं का? मागतात, बाई, मागतात! भाऊजी ट्रस्टच्या कचेरीत जाऊन भाषण करून आले, पण तिथे कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पैसे परत गेले.

त्या आठवड्यात व्यायामाच्या बाईंनी मावशींचा हात बराच वेळ दाबून पाहिला आणि वहिनींना बाजूला घेतलं. “सांधे धरले. मधे रोज केलं असतं तर... आता नाही उघडायची ही मूठ.” एवढं सगळं जपलं, आणि मावशींचा हात आपणच घालवला!

मावशी मात्र त्यांना पाहून हसल्या. “वर्ष संपलं ना हो? पडली का शिल्लक?”

“पडली होती, मावशी. परत गेली. ज्यांनी दिली त्यांनी परत नेली.”

“अगंबाई! त्यांना काय कमी आहे?”

“आणि बाई म्हणतात, हात आता...” मावशींनी डाव्या हातानं उजव्याचं एक बोट उचललं, सोडलं. ते परत आत जाऊन बसलं.

“मला कळलंच होतं,” त्या म्हणाल्या. “एक करा, माझी कात्री तेवढी काढून द्या. सून कधीची मागतेय.”

“शिवणार आहे ती?”

“छे हो. दुधाच्या पिशव्या कापायला हवीय तिला.”