खिळ्यांवर टिकलेली बालवाडी

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. धुळ्याला सेविकांच्या बैठकीत मी हे किस्से सांगायला लागले की पुढच्या बाया हसतात आणि मागच्या म्हणतात, "ताई, मीठ जरा कमी घाला." अहो, मीठ कशाला घालू? मी चौथी शिकलेली बाई. खोटं रचायला डोकं लागतं, आणि तेवढं डोकं असतं तर मी तलाठी नसते का झाले?

चार-पाच वर्षांच्या पोरांच्या हातात हातोडी द्या, दोरा द्या, आणि बाजूला बसा. किस्से आपोआप साठतात. झाडून काढले तरी कोपऱ्यात दोन उरतातच.

नव्वदच्या आधीची दोन-तीन वर्षं. शिंदखेड्यापासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. पंचायतीच्या इमारतीला दोन खोल्या, एकीत पंचायतीचं ऑफिस, दुसरीत माझी बालवाडी. सरपंच दगडूनाना पाटील यांना आमची खोली खताची पोती ठेवायला हवी होती. त्यांनी सरळ सांगितलं, "पंचवीस पोरं रोज दिसली तर खोली तुमची. नाहीतर पोती आत, तुम्ही बाहेर."

कापूस वेचणीच्या दिवसांत आया पोरांना शेतात नेतात. माझ्याकडे अकरा पोरं यायची, त्यातली तीन झोपलेली.

अशात धुळ्याच्या शिबिरात एका बाईंनी फळी दाखवली. फळीवर वीस खिळे गोलात ठोकलेले. दोरा एक नंबरच्या खिळ्यावरून आठव्यावर, दोनवरून नवव्यावर, तीनवरून दहाव्यावर, असा फिरवत जायचं. शेवटी फूल तयार. आमच्यातल्या निम्म्या बाया तोवर पेंगत होत्या. मी येताना अर्धा किलो बारीक खिळे घेऊनच एसटीत बसले.

*

पहिल्याच दिवशी कैलासनं खिळ्याऐवजी अंगठा ठोकला.

त्याची आई शेतातून तशीच आली, कमरेला कापसाची झोळी. म्हणाली, "पोऱ्याले बालवाडीमा धाडं का सुतारना घर?"

दुसऱ्या दिवशी अकराची सात पोरं झाली. नाना दारातून डोकावून गेले. जाताना पावलांनी खोलीची लांबी मोजली.

मार्ग काढला आमच्या मदतनीस गोदाअक्कांनी. अक्कांना सही येत नव्हती, पण डोकं होतं. त्यांनी अंबाड्यातली फणी काढली, तिच्या दातांत खिळा अडकवला आणि फणी फळीवर उभी धरली. "आते ठोक," म्हणाल्या. बोट वीतभर लांब. फारतर फणीला लागेल.

मी पोरांना सांगितलं, उद्या घरून फणी आणायची.

आणली की! गावातली एकही फणी घरात राहिली नाही. दोन दिवसांनी सकाळी बघते तर दारात बायांची रांग, केस मोकळे, तोंड फुगलेलं. "ताई, माझी फणी?" मी म्हटलं, "पोरगं घेऊन या, फणी घेऊन जा. केस इथंच विंचरा, फणी इथंच ठेवा. काम चालू आहे."

तेव्हापासून आया रोज पोराला घेऊन यायच्या, ओट्यावर बसून वेण्या घालायच्या, पोर ठेवायच्या आणि शेतात जायच्या.

नाना आले. "हाई बालवाडी शे का न्हावीनं दुकान?"

"मोजा," म्हटलं.

एकोणीस निघाली.

*

आता कैलासचंच पुढचं.

फळ्या कमी पडायच्या. भिका मिस्तरी, आमचे सुतार, उरलेले तुकडे द्यायचे, पण देताना तोंड असं करायचे जसं काय मुलगी सासरी पाठवतायत. म्हणून मी पोरांना म्हटलं होतं, घरात जुनी फळी असली तर आणा. कैलासनं आणली नाही. त्यानं घरीच काम केलं.

त्याच्या घरी जळगावकडचा जावई यायचा होता. केळीच्या बागा असलेला, म्हणून मान जरा जास्तच. आईनं सकाळीच पाट धुऊन ठेवला. आमच्याकडे जावयाच्या पाटाभोवती रांगोळी घालतात. कैलासनं विचार केला, रांगोळी जेवण होईस्तोवर पुसली जाते. त्यानं पाटाच्या कडेनं वीस खिळे ठोकले आणि मधे दोऱ्याचं फूल विणलं.

दुपारी घरात अंधार होता. जावई बसले मधोमध, फुलावर. टोचलं काही नाही. पुरणपोळी झाली, आमटी झाली, आग्रह झाला.

मग जावई उठले. पाटही उठला.

टेरिकॉटची नवी पँट होती. पुढचं मी लिहीत नाही, सासुरवाडीच्या बाया समोर होत्या एवढंच सांगते.

कैलासला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "रांगोळी पुसाई जास. हाई नही पुसाई जास."

जावयानं ते ऐकलं आणि हसत सुटला. पण सासरा हसला नाही, तो तडक नानांकडे गेला. नाना माझ्याकडे आले आणि त्यांनी नियम सांगितला. पंचायतीच्या दारात, खिडकीत, बाकात, कुठल्याही लाकडात पोरांचा एक खिळा सापडला, की त्याच दिवशी खोलीची चावी त्यांच्या हातात.

मी म्हटलं, "लिहून घ्या."

मला वाटलं ओशाळतील. त्यांनी ठरावाच्या वहीत खरंच लिहून घेतलं, आणि माझी सही घेतली. माझंच तोंड, कुणाला दोष देऊ?

*

नानांची नात बेबी आमच्याकडेच होती. साडेचार वर्षांची, आजोबांसारखीच हट्टी. तिला आकडे पाठ होईनात. पाचनंतर एकदम अकरा. दोरा कुठेही जायचा.

एक दिवस बघते तर तिचं फूल बरोबर जमत चाललेलं. मी मागं उभी राहून ऐकलं. तिनं खिळ्यांना गल्लीतल्या घरांची नावं दिली होती. "आमनं घर. मारुतीनं देऊळ. गोदाअक्कानं घर..." दोरा एका घरून निघायचा, गल्लीतनं फिरायचा आणि बरोबर आठव्या घरी जाऊन बसायचा. आकडा एकही नाही, चूक एकही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळी पोरं तसंच करायला लागली. मीसुद्धा. सोपं पडतं.

पण बेबीच्या फुलात एक दोरा कमी. पाकळीला फट. मी म्हटलं, "बेबी, इथला दोरा?"

"लीलामावशीना घरथून कमलमावशीना घर शे तो."

"मग?"

"त्या बोलतस नही."

लीला आणि कमल सख्ख्या जावा. गल्लीनं फिरून गेलं तर आठवं घर, पण परसात मधे एकच भिंत. मोरीच्या पाण्यावरून भांडण होऊन तीन वर्षं झाली होती, एकीच्या घरी मयत झालं तेव्हा दुसरी अंगणात उभी राहून परत गेली होती.

मी दोरा लावला नाही. फूल तसंच भिंतीवर टांगलं. रोज सकाळी विंचरायला येणाऱ्या सगळ्या बाया ते बघायच्या. बेबीनं नावं सगळ्यांना सांगितली होती, त्यामुळे फट कुणाची ते गावाला ठाऊक. लीला बघायची आणि वेणी घट्ट ओढायची. कमल बघायची आणि लवकर निघून जायची.

पंधराएक दिवसांनी, सोमवारी कुलूप उघडलं तर फट बुजलेली. दोऱ्यानं नाही, पोत्याच्या सुतळीनं. गाठ अशी, वासराला दाव्याला बांधतात तशी. चावी माझ्याखेरीज फक्त गोदाअक्कांकडे. अक्का माझ्याकडे न बघता झाडत होत्या.

बेबीनं बोटानं सुतळी चाचपून बघितली.

"आते बोलतस," म्हणाली.

*

शिंदखेड्याच्या मॅडम तपासणीला आल्या. शिकलेल्या, चष्मा, पर्समध्ये स्वतःचा कप. आल्या आल्या म्हणाल्या, "हे खिळे-दोरे कशासाठी? अभ्यासक्रमात नाही."

मी म्हटलं, "आधी पोरं मोजा."

सत्तावीस होती. मॅडमनी दोनदा मोजली. मग एक फळी उचलून म्हणाल्या, "यात काय एवढं?" आणि साडी सावरून पोरांच्यात बसल्या.

पाचव्या दोऱ्याला चुकल्या. सोडवला. सातव्याला चुकल्या. पुन्हा सोडवला. पोरं शांत बसून बघत होती, अगदी सांभाळून घेत होती त्यांना. शेवटी कैलासला राहवलं नाही.

"मॅडम, तुम्ही मारुतीलेच सोडी दिधं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते आकड्याचं नाव आहे आमच्याकडे." त्यांनी मान हलवली, दोरा सोडवला, मारुतीला घेतलं. एवढ्यात एसटीचा हॉर्न. अर्धी फळी टाकून पळाल्या.

पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा रजिस्टर मागितलं नाही. पायातली चप्पल काढता काढता विचारलं, "माझी फळी कुठंय?"

*

आणि आता शेवटचा. यावर तर कुणीच विश्वास ठेवत नाही.

पोरं सत्तावीस झाली होती, म्हणजे पंचवीसची अट पुरी झाली. पण नानांनी खोलीसाठी धुळ्याला अर्ज करून ठेवलेला होता, आणि एका सोमवारी साहेब स्वतः बघायला येणार असं कळलं. त्यांच्यासाठी पंचायतीत नवं टेबल केलं. सागवानी, भिका मिस्तरींनी आठवडाभर घासलेलं. मी पोरांना सांगितलं, त्या टेबलाला बोट लावायचं नाही. बोट लावलंत तर आपली बालवाडी गेली. पोरं टेबलाजवळून जाताना हात मागं बांधून जायची.

त्याच आठवड्यात नाना दोनदा आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, खिळे शोधतायत. दुसऱ्यांदा बेबीच्या फळीजवळ वाकले, सगळ्या दोऱ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"बठ्ठा दोरा सरळ शेतस," म्हणाले. "मंग मधला गोल कोनी काढा?"

"कोनीच नही, नाना," बेबी म्हणाली. "तो येस."

"असा कसा येस?" असं स्वतःशीच म्हणत नाना गेले. रविवारी बालवाडी बंद, पंचायतही बंद.

सोमवारी साहेब आले. टेबलावर कडेपर्यंत फुलाफुलांची चादर अंथरलेली. मला तेव्हाच खटकलं, इतकं घासलेलं सागवान कोण झाकतं? मेंबर बसले, साहेब बसले. पंचायत आणि आमची खोली यांच्यामधलं दार उघडंच होतं. मला त्यांनी आत बोलावून उभं केलं. साहेबांनी कागद ओढायला हात टेकला आणि हात तसाच राहिला. शर्टाची बाही चादरीसकट कशात तरी अडकली होती.

चादर काढली. टेबलाच्या मधोमध खिळ्यांचा गोल. निम्मा दोरा लावलेला, मग गुंता, मग सोडून दिलेलं.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

नाना खाली बघत म्हणाले, "बालवाडीची पोरं. दुसरं कोण?" आणि ठरावाची वही पुढं सरकवली. त्यात तो नियम, आणि खाली माझी सही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण तोंड सरकलं नाही. मी म्हटलं, "साहेब, वाकून बघा. माझी पोरं फणीत धरून खिळा ठोकतात, ताठ उभा राहतो. हे सगळे वाकडे आहेत. आणि पोरं निम्माच ठोकतात. यांची डोकी तेवढी वर, बाकी इतके खोल गेलेत की चिमट्यानं निघणार नाहीत. एवढी ताकद साडेचार वर्षांच्या हातात नसते."

भिका मिस्तरी मेंबरांच्या मागं उभे होते. त्यांनी एका खिळ्यावरून बोट फिरवलं. "पोरनं काम नही हाई," म्हणाले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. टेबलासाठी हो, आमच्यासाठी नाही.

"मग कुणाचं?" साहेब म्हणाले. "ठराव स्पष्ट आहे. नाव मिळालं नाही तर मला पोरांचंच धरावं लागेल, आणि खोली खाली करावी लागेल."

तेवढ्यात चहा आला. साहेब येणार म्हणून चहा नानांच्या घरचा, आणि किटली घेऊन आलेल्या सखूमाय, नानांच्या घरच्या. त्यांनी टेबल बघितलं, किटली हातातच राहिली.

साहेबांनी सहज विचारलं, "बाई, काल इथं कुणाला बघितलं का तुम्ही?"

"देखं," सखूमाय म्हणाल्या. "जेवाले बलावाले ऊनथू मी."

"कोण होतं?"

"घरना."

आमच्याकडे सगळ्यांना कळलं. मेंबर छताकडे बघायला लागले. साहेब बाहेरचे, त्यांना काय कळणार?

"घरचे म्हणजे कोण? मला कागदावर नाव लिहावं लागतं, बाई."

नाना खाकरले. "तिले काय समजस, साहेब. तू चहा दे वं."

चाळीस वर्षांचा संसार. लग्नात घास भरवताना घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर सखूमायच्या तोंडून नवऱ्याचं नाव गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. पोस्टमननं विचारलं तरी त्या नातीला पुढं करायच्या. नानांनाही ते ठाऊक होतं, म्हणून ते तसे निवांत होते.

मधल्या दारात सत्तावीस डोकी एकावर एक. सगळ्यात खाली बेबी, हात मागं बांधून.

सखूमायनी तिच्याकडे बघितलं. किटली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला.

"लिखा, साहेब," म्हणाल्या. "दगडू नथ्थू पाटील."