ओट्याची रेघ

धाकटी नव्या ओट्यापुढच्या पाटावरून घसरेल आणि नेमकं तेव्हाच तिच्या हातात उकळतं भांडं असेल, ही धास्ती आईचा पिच्छा सोडत नव्हती.

धाकटी उंचीने बेताची. भावंडं तिला गिड्डी म्हणत. लहानपणी पाटावर उभं राहूनच ती भांडी विसळायची. पुढे दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला लागली, भाड्याच्या खोल्यांत राहिली. तिथेही ओटे दुसऱ्यांच्या मापाचे. म्हणून स्वतःचं जुनं घर घेतल्यावर तिने ते आपल्याजोगं करायला काढलं. फळ्या हाताला येतील अशा, आरसा तोंड दिसेल असा, बैठकीची भिंत गडद पिवळी. ओट्यासाठी तिने भिंतीवर आपल्या कमरेइतकी पेन्सिलीची रेघ मारली. रजा मिळेना, म्हणून कामावर लक्ष ठेवायला आईला बोलावलं.

आईने रेघ बघितली. "हा काय भातुकलीचा ओटा आहे?"

"ताईंनीच खूण केलीय, काकू," गवंडी म्हणाला.

"तिला काय कळतंय? उद्या घर विकायचं झालं तर कोण घेईल? चांगला वीतभर वर घ्या."

"घेतो की. पण स्वयंपाक ताईच करणार ना?"

"तुम्ही विटा लावा हो."

काम संपल्यावर धाकटी आली. ओट्याच्या गुळगुळीत दगडावरून तिने हात फिरवला. तो तिच्या छातीशी लागत होता. "छान झालाय," ती म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तशी. मग सामानातून जुना पाट काढला, पुसला, त्यावर चढली आणि विचारलं, "चहा घेशील ना?"

"पाट कशाला गं अजून?"

"असू दे. सवय आहे मला."

आईने चहा अर्धाच घेतला. भांडली असती पोरगी, तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आई आपल्या ओट्याशी उभी राहिली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओटा बरोबर तिच्या कमरेला लागत होता. लेकीच्या घरात तिने आपलंच माप घातलं होतं.

तिने गवंड्याचा नंबर काढला. फोडून टाका, रेघेवर आणा, खर्च माझा. वाक्य ओठांवर तयार होतं. पण बोट थबकलं. म्हणजे पुन्हा तिला न विचारताच.

तिने गवंड्याचा नंबर बाजूला सारला. फोन लेकीलाच लावायचा. आधी चुकले म्हणायचं, मग विचारायचं, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसायचं.